शिगेनोआजींचं आवरणं

गरम झऱ्यांच्या गावातल्या एका पाहुणघरात पाहुण्यांची अंथरुणं आवरण्यात शिगेनोआजींचा उभा जन्म गेला. आता सून नोकरीवर गेली, की दीड वर्षाचा नातू रेन त्यांच्याकडे असे. मुलांची वाढ बघणाऱ्या नगरपालिकेच्या तपासणीलाही त्याच त्याला घेऊन आल्या. पोर मागे पडलं, तर सून त्याला पाळणाघरात घालणार होती.

परिचारिका मिओताईंनी चटईवर ठोकळे ओतले. "एकावर एक रच बघू, राजा."

रेनने सगळे ठोकळे डब्यात भरले आणि झाकण लावलं.

"आजी, घरी रचत नाही का हा?"

"पसारा करूच कुठे देते मी?" आजी पुटपुटल्या आणि त्यांनी मनातल्या मनात मुलांना सांभाळणाऱ्या जिझो देवाला हात जोडले.

तोवर रेनने डब्यावर चित्रांचं पुस्तक ठेवलं, त्यावर मिओताईंचा रुमाल, आणि त्यांच्या नाकावरचा चष्मा काढून सगळ्यात वर. मग आजी पाहुण्यांपुढे वाकत, तसा तो अदबीने कमरेत वाकला.

"चार थर झाले की," मिओताई डोळे बारीक करून म्हणाल्या. "पास. आता तेवढा चष्मा द्यायला सांगा, म्हणजे तसं लिहिते."

"तेवढं नाही जमायचं, बाई," आजी ऐटीत म्हणाल्या. "आवरलेल्या वस्तूला तो कुणाला हात लावू देत नाही."