बॅटरीवाले भाऊ

"पाणी पे."

बॉनेटखाली डोकं घातलेल्या माणसाकडून हे वाक्य दर थोड्या वेळाने यायचं. दुकानात पहिल्यांदा आलेल्या गिऱ्हाइकाला वाटे, आपल्यालाच सांगताहेत. एक-दोघे तर खरोखर माठाकडे वळलेले मी पाहिलेत. सांगणं असायचं ते मागे खुर्चीत बसलेल्या त्यांच्या बायकोला. तिला सिकलसेल होता. आमच्या भागात हे दुखणं घराघरात माहीत आहे. अंगात पाणी कमी झालं की हाडं फोडल्यासारखी दुखतात. म्हणून भाऊ तिला घरी एकटी ठेवत नसत. दुकान उघडताना आधी तिची खुर्ची मांडायची, मग हत्यारांची पेटी.

गोंडपिपरीत गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारे आणखीही होते, पण मी त्यांच्याकडेच जायची. गाडीपेक्षा वहिनींशी गप्पा मारायला, असं भाऊ म्हणत. ते खोटं नव्हतं. वहिनी गिऱ्हाइकांच्या नकला छान करायच्या, आणि भाऊ बॉनेटखालून हसायचे. नुसती पाठ हलताना दिसायची.

माझी गाडी जुनी. मी शिकवते ती शाळा गावापासून लांब असल्याने ती नसली की माझं अडायचं. त्या वर्षी ती अचानक दगा द्यायला लागली. सकाळी चावी फिरवावी तर नुसती टकटक. मी चंद्रपूरला जाऊन नवीन बॅटरी टाकून आणली. आठवड्यात तीही उतरली.

"नवीन टाकली का?" भाऊंनी विचारलं.

"हो."

त्यांनी कपाळावर हात मारला. "सारे आधी बॅटरीच बदलवतेत, बाई."

मग त्यांनी अर्थिंगची वायर बदलली आणि छातीठोकपणे सांगितलं, "आता जा बिनधास्त." दोन-तीन दिवसांनी गाडी शाळेच्या फाटकात बंद पडली. फोन केला तर भाऊ मोटारसायकलवर आले, मागे वहिनी. भाऊंचा चेहरा उतरलेला.

"चुकलो मी," एवढंच म्हणाले.

दुकानात आणून त्यांनी गाडी चालूच ठेवली आणि समोर स्टूल टाकून बसले. बॅटरीच्या वायरीला चिमट्यासारखा मीटर लावला. मोबाईलवर गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे उघडले. एकदा इकडे बघत, एकदा तिकडे. अख्खी दुपार गेली. वहिनींनी मला दोनदा चहा पाजला.

"इकडं पाहा, बाई," शेवटी त्यांनी हाक मारली. बॅटरीच्या काळ्या टोकाला काडेपेटीएवढी एक डबी होती. "हा सेन्सर. बॅटरीत करंट किती जाऊन राह्यला, किती निंघून राह्यला, हे कॉम्प्युटरले हाच सांगते. हा म्हणते बॅटरी भरून राह्यली. माह्या मीटरवर तं खाली होऊन राह्यली. हा भरली म्हणते, म्हणून कॉम्प्युटर चार्जिंगच बंद करते."

"मग?"

"नवीन सेन्सर नागपूरहून येईन. तवरीक याची वायर काढून ठेवतो. कोणी काही सांगितलं नाई तं कॉम्प्युटर आपला एका मापानं चार्जिंग करत राह्यते. समोरचा लाल लाईट जळन, जळू द्या."

खात्रीसाठी त्यांनी डॅशबोर्डवरच्या मोबाईल चार्जरच्या खाचेत एक छोटा व्होल्टमीटर खोचून दिला. चौदाच्या आसपास आकडा असला की समजायचं, चार्जिंग चालू आहे.

सेन्सर यायच्या आधीच ती दुपार आली. वहिनींना छातीत दुखायला लागलं होतं, श्वास पुरत नव्हता. गोंडपिपरीच्या डॉक्टरांनी लगेच चंद्रपूरला न्यायला सांगितलं. रुग्णवाहिका दुसऱ्या पेशंटला घेऊन गेली होती. भाऊंचा फोन आला. "बाई, गाडी भेटन का?"

वहिनींना मागच्या सीटवर आडवं केलं. डोकं वहिनींच्या बहिणीच्या मांडीवर. भाऊ माझ्या शेजारी बसले. पहिले काही किलोमीटर ते सारखे मागे वळत होते. कोठारीच्या पुढे जंगल लागलं आणि मागचा कण्हण्याचा आवाज कमी झाला. तेव्हापासून त्यांनी मागे बघणं सोडलं. नजर त्या छोट्या मीटरवर.

"चौदा आहे," ते म्हणाले. "चालू द्या."

मी गाडी पळवत होते. मागे बहीण वहिनींना हाका मारू लागली. आधी हळू, मग मोठ्यानं.

"चौदा आहे, बाई. बंद नाई पडत."

गाडी कुठेही बंद पडली नाही. एकदा आचकासुद्धा दिला नाही. दवाखान्याच्या दारात डॉक्टरांनी मागचं दार उघडून वहिनींची नाडी पाहिली, डोळ्यांत बॅटरी मारली आणि मान हलवली. भाऊ पुढच्या सीटवर तसेच बसून होते. मी इंजिन बंद केलं तेव्हा मीटरचा आकडा विझला. तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

तेरवी झाल्यावर सेन्सर आला. भाऊंनी दुकान उघडलं, तो बसवला, चिमटा लावून आकडे जुळवले. लाल लाईट गेला. "झालं, बाई," म्हणाले आणि पान्हे पुसून पेटीत ठेवले. माझ्यानंतर त्यांनी कोणाची गाडी घेतली नाही. पुढच्या महिन्यात दुकानाची पाटी उतरली.

सिंदेवाहीच्या पुढे एका खेड्यात भाऊंची सख्खी बहीण राहते; ते तिच्याकडे राहायला गेले. दिवाळीच्या सुट्टीत मी तिथे जाऊन आले. धान कापणीला आलं होतं. भाऊ अंगणात बाजेवर बसलेले. मला ओळखलं, सरकून जागा दिली. शाळेची चौकशी केली, गाडीची नाही.

"दिवसभर असाच बसते," बहीण आत जाताना हळूच म्हणाली.

अंगणाच्या कडेला ट्रॅक्टर उभा होता. बहिणीचे यजमान त्यावर चढून स्टार्टर मारू लागले. इंजिन दोनदा घुरघुरलं, मग नुसती टकटक. ते पुन्हा पुन्हा मारत राहिले. मी भाऊंकडे बघितलं. ते बांधापलीकडे बघत होते.

"बॅटरी गेली का हो, भाऊ?" मी विचारलं.

"असन," ते म्हणाले.