सायलीच्या कर्जाचा फॉर्म

आमच्या ऑफिसातल्या प्रत्येक फॉर्मच्या शेवटी एक रकाना असतो: ‘इतर (स्पष्ट करा)’. खोकला किती दिवस, घरात माणसं किती, खिडकी आहे की नाही, हे सगळं वरच्या चौकटींत बसतं. जे बसत नाही ते या रकान्यात जातं. मी इथे चौदा वर्षं डेटा मॅनेजर आहे, म्हणजे फॉर्म मोजतो. वरच्या चौकटींचे रिपोर्ट होतात. ‘इतर’चं कोणी काही करत नाही, ते माझ्याकडे साचत राहतं. गेल्या वर्षी त्यात सगळ्यात जास्त भर घातली ती पब्लिक हेल्थच्या परदेशी डिग्रीने.

ऑफिस परळला, लग्नाच्या हॉलच्या वरच्या मजल्यावर. काम चाळींमध्ये टीबीचे पेशंट शोधायचं. आमची मीटिंग चालू असते तेव्हा खाली मंगलाष्टकं चालू असतात, आणि ‘सावधान’ नेमकं बजेटच्या वेळी येतं.

*

निखिल परदेशातून एका वर्षाची डिग्री घेऊन आला. पहिल्याच आठवड्यात त्याने ‘वस्तीत प्रवेश कसा करावा’ यावर तीस स्लाइड्स दाखवल्या. आमच्या मंदाताई चिंचपोकळीच्या चाळीत राहतात आणि वीस वर्षं लोकांची दारं वाजवतायत. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि एवढंच विचारलं, की किती वाजता जाणार? निखिल म्हणाला, नऊ वाजता.

नऊला तो गेला. एक दार उघडेल तर शपथ! तासभर गॅलरीत उभा. शेवटी एका बाईंनी दार उघडलं, त्याच्या हातात पाण्याचा पाइप दिला आणि पिंप भरेपर्यंत धरायला सांगितलं. त्याने धरला.

परत आल्यावर मंदाताई म्हणाल्या, “आमच्याकडे नऊला पाणी येतं.”

आधी का नाही सांगितलंत, असं निखिलने विचारलं. त्यांना वाटलं होतं, तीस स्लाइड्समध्ये कुठेतरी असेल.

*

दर महिन्याच्या पाच तारखेला निखिल कोणाशी बोलत नाही. मंदाताईंना वाटलं, काही व्रत असेल. त्यांनी साबुदाण्याची खिचडी आणून दिली. तेव्हा कळलं, त्या दिवशी खात्यातून हप्ता जातो. अर्ध्याहून जास्त पगार तिकडेच.

कोर्स किती दिवसांचा होता, मंदाताईंनी विचारलं. एक वर्ष. आणि कर्ज? बारा वर्षं.

“म्हणजे डोस संपला तरी साइड इफेक्ट चालूच,” त्या म्हणाल्या.

निखिलने खिचडी मात्र सगळी खाल्ली.

*

पण डिग्रीचा उपयोग नसतो असं कोणी म्हणू नये. पैसे देणारे पाहुणे बाहेरून येतात तेव्हा ती दिसते.

आमच्याकडे सायली आहे. लालबागची, होमिओपॅथीची डॉक्टर, बोलायला तिखट, कामाला वाघ. चाळींचा अख्खा सर्वे तिने केला, रिपोर्टही तिने लिहिला. पाहुणे आले तेव्हा तो वाचून दाखवायला उभं कोणाला केलं? निखिलला. त्याच्या नावापुढे अक्षरं जास्त. पाहुण्यांनी विचारलं की तिसऱ्या मजल्यावर पेशंट जास्त का सापडले. निखिलने सायलीकडे पाहिलं. सायली मागच्या खुर्चीवरून हळूच म्हणाली, की तिथे मुलाखती संध्याकाळी झाल्या, माणसं घरात होती. निखिलने तेच जरा सावकाश, इंग्रजीत सांगितलं.

“ट्रेनिंग लगेच कळतं,” पाहुणे खूश होऊन म्हणाले.

सायली हसली. पण त्या रात्री तिने परदेशात अर्ज भरला. मला वाईट वाटलं, खरं सांगतो. कारण त्या पाहुण्यांच्या चहाचं बिल मीच पास केलं होतं आणि तोंडातून एक शब्द काढला नव्हता.

*

अ‍ॅडमिशन मिळालं. जगात नाव असलेलं विद्यापीठ. त्याच आठवड्यात आपल्याच शहरातल्या एका संस्थेचंही पत्र आलं. तिथली दोन वर्षांची फी तिकडच्या एका महिन्याच्या खोलीभाड्याएवढी. पण त्या पत्राकडे बघायला वेळ कोणाला होता? तोवर सायलीच्या गल्लीत बॅनर लागला होता.

बॅनरवर सायलीचा आधार कार्डावरचा फोटो, त्याच्या दुप्पट आकाराचा गल्लीतल्या भाऊंचा, आणि खाली मजकूर: ‘डॉक्टर होण्यासाठी परदेशी प्रस्थान’. ती आधीच डॉक्टर आहे हे भाऊंच्या लक्षात आणून दिलं, तर ते म्हणाले, मग आता मोठी डॉक्टर. सायलीने समजावलं, तसं नाही, यात पेशंट तपासायचा नसतो, वस्तीचा विचार करायचा असतो.

“एवढं कर्ज काढून पेशंटला हात पण लावायचा नाही?” भाऊ म्हणाले.

बॅनर उतरवला नाही. एकदा बॅनर लागला की मागे फिरणं कठीण असतं. कर्ज नंतर, आधी इज्जत.

*

सायली सल्ल्यासाठी आमच्या डायरेक्टर त्रिलोकेकर मॅडमकडे गेली. मॅडम फणसवाडीतल्या जुन्या घराण्यातल्या, तीस वर्षांपूर्वी त्याच देशात शिकलेल्या. त्यांची डिग्री केबिनमध्ये फ्रेममध्ये आहे. मनाने मोठ्या, पण त्यांना बसचं तिकीट किती हे माहीत नाही.

मॅडम म्हणाल्या, नाव महत्त्वाचं, डोळे मिटून जा. आणि कर्जाला घाबरतेस कशाला? त्यांनी स्वतः एक पैसा कर्ज काढलं नव्हतं.

“मग फी कशी भरलीत, मॅडम?”

“आजोबांनी वाडीतली एक बिल्डिंग विकली.”

सायली बाहेर येऊन माझ्यासमोर बसली. म्हणाली, “आमच्याकडे खोली एकच आहे. विकली तर अप्पा कुठे राहणार?”

*

ती एक खोली म्हणजे गिरणी कामगारांच्या सोडतीत अप्पांना, म्हणजे तिच्या वडलांना, मिळालेलं घर. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी रे रोडच्या लाकडाच्या वखारीत काम केलं आणि घराची वाट बघितली. चावी मिळाली तेव्हा केस पांढरे झाले होते. आता बँकेला कर्जासाठी तेच घर गहाण हवं होतं.

आम्ही पब्लिक हेल्थवाले. मित्र म्हणून सल्ला देणं आम्हाला जमत नाही. आम्ही तक्ता केला. एका बाजूला नाव, नोकरी, पगार. दुसऱ्या बाजूला हप्ता, घर, अप्पांचं वय. प्रत्येकाला गुण. निखिलने ‘नाव’ला दहापैकी दहा दिले आणि ‘हप्त्या’लाही दहापैकी दहा. दोन दिवस मी बेरजा केल्या. शेवटी आमच्या प्रत्येक रिपोर्टखाली असतो तोच निष्कर्ष निघाला: अधिक अभ्यासाची गरज आहे.

सायली म्हणाली, तोच तर करायला चाललेय!

*

शेवटी गहाणाचा फॉर्म आला. सही अप्पांची हवी. बँक आमच्या ऑफिसच्या गल्लीतच, म्हणून सायली त्यांना ऑफिसात घेऊन आली. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. फॉर्म इंग्रजीत. निखिलला असल्या फॉर्मची सवय, त्याने कुठे कुठे सही ते पेन्सिलने खुणा करून ठेवलं होतं.

मंदाताई मध्ये पडल्या. आमच्याकडे नियम आहे: कोणाचीही सही घ्यायच्या आधी कागद त्याच्या भाषेत वाचून दाखवायचा, आणि त्याला काय समजलं ते त्याच्याच तोंडून ऐकायचं. बँकेत नसेल, आमच्याकडे आहे. निखिल एकेक कलम मराठीत सांगत गेला आणि मंदाताई अप्पांना सावकाश समजावत गेल्या. मग त्यांनी विचारलं, काय समजलं सांगा.

“शिकतला चेडू, सही माझी,” लेकीकडे बोट दाखवत अप्पा म्हणाले. “हप्ते चुकले तर खोली बँकेची.”

बरोबर होतं. मंदाताईंनी मान हलवली आणि वीस वर्षांच्या सवयीने आमच्या संमतीपत्राची शेवटची ओळ म्हणून टाकली: “तुम्ही यातून कधीही बाहेर पडू शकता. त्यामुळे तुम्हाला मिळणाऱ्या सेवांवर कोणताही परिणाम होणार नाही.”

निखिलने फॉर्मचं शेवटचं पान पुन्हा उलटून पाहिलं. मग निखिल म्हणाला, “मंदाताई, ते यात नाहीये.”

“नाय?” अप्पांनी विचारलं.

“नाही, अप्पा. मी माझा फॉर्म खूपदा वाचलाय.”

अप्पांनी चष्मा पुसला. फॉर्म आपल्याकडे ओढला, खिशातलं पेन काढलं आणि सहीच्या वरच्या मोकळ्या जागेत मराठीत, वखारीतल्या वळणदार अक्षरात लिहिलं: ‘सायली यातून कधीही बाहेर पडून परत येऊ शकते. त्यामुळे तिला घरी मिळणाऱ्या सेवांवर कोणताही परिणाम होणार नाही.’ आणि खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी सायलीसोबत बँकेत मी गेलो. काउंटरवरच्या बाईंनी ती ओळ दोनदा वाचली. फॉर्मवर जादा मजकूर चालत नाही, म्हणाल्या, आणि एक कोरा फॉर्म पुढे सरकवला.

सायलीने तो घेतला नाही. तिने जुना तेवढा परत मागितला.