शेजारच्या दारात नेलेलं स्थळ

माझी मैत्रीण अठराव्या वर्षी विहिरीत पडून मेली, असं आमच्या गावात सांगतात. 'पडून' हा शब्द सगळ्यांनी मिळून ठरवलेला आहे आणि ठरवणाऱ्यांत मीही आहे.

आमचं गाव मळवली स्टेशनपासून चालत अर्ध्या तासावर. आमची दोन घरं भिंतीला भिंत लावून होती. माझ्या वडिलांची भाताची खाचरं बरी होती. तिच्या वडिलांचा एक तुकडा होता, बाकीचे दिवस ते आमच्याकडे नाहीतर आणखी कुणाकडे मजुरीला. घरात दोन पोरी, ती थोरली. लावणीला उभी राहिली की मोठ्या बायका मागे पडायच्या. खेकडे धरायला बिळात हात घालताना तिनं कधी डोळे मिटले नाहीत, मी मिटायचे. एकदा माझ्या हातून म्हैस सुटली आणि भावकीतल्या एकाची रोपं तुडवून आली. तिनं पुढं होऊन "म्या सोडली" म्हणून सांगितलं आणि माझ्या वाटणीचा मार खाल्ला. का खाल्लास विचारलं तर म्हणाली, "तुला सोसायचा न्हाई." मला तेव्हा ते फार आवडलं होतं. आता आठवलं की स्वतःचाच राग येतो.

साठ सालानंतरची गोष्ट. आम्ही दोघी सोळाच्या. वडिलांच्या चुलतभावानं माझ्यासाठी स्थळ आणलं. मुलगा बिजवर, पण तिशीच्या आतला, घाटात रेल्वेच्या कामाला, कुसगावच्या पलीकडे स्वतःचं घर. पहिली बायको तापानं गेली म्हणाले. पाहायला यायचा दिवस ठरला आणि आदल्या संध्याकाळी मामा आला. त्यानं चौकशी केली होती. ते ओटीवर बोलत होते आणि मी आत भाकरी थापत होते, सगळं ऐकू येत होतं. "ताप-बिप काय न्हाई दाजी," मामा म्हणाला. "पिऊन मारायचा. तिनं हिरीत उडी घेतली."

मला तिथं द्यायचं नाही, हे वडिलांनी त्याच क्षणी ठरवलं, तेवढं त्यांचं चांगलं म्हणायचं. पण चुलतभावाचा शब्द खाली पडू द्यायचा नव्हता, आणि उद्या येऊ नका असा निरोप धाडायला वेळही उरला नव्हता. आई म्हणाली, दारात आलेल्या पाहुण्यांना रिकामं परत कसं धाडायचं. आमच्याकडे पाहुण्यांचा मान फार. तो राखण्यासाठी आम्ही कुणाचाही जीव देऊ, फक्त आपल्या घरातला नको.

पाहुणे आले, जेवले. मग वडील हात जोडून म्हणाले, "आमच्या पोरीचं औंदा करायचं न्हाई. पन तुमाला तसंच कसं जाऊ देऊ? शेजारी सोन्यासारकी पोर हाय." आणि ते त्यांना घेऊन पंधरा पावलं चालत शेजारच्या दारात गेले.

तिच्याकडे धड लुगडं नव्हतं. आईनं माझ्या अंगावरचं फेडायला लावलं आणि मागच्या दारी मीच तिला ते नेसवलं. मी निऱ्या धरून खाली बसले होते तेव्हा तिनं हळूच विचारलं, "तुज्या मामानं चौकशी केलीया न्हवं? कसा हाय गं मानूस?"

"चांगला हाय," मी म्हणाले.

मी घाबरले होते, आईनं शपथ घातली होती, असं पुढं कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आले. आईनं कसलीही शपथ घातली नव्हती. मी खरं सांगितलं असतं आणि मैत्रिणीच्या वडिलांनी नको म्हटलं असतं तर पाहुणे पुन्हा आमच्या ओटीवर येऊन बसले असते, आणि माझे वडील दुसऱ्यांदा नाही म्हणतील याची मला खात्री नव्हती. एवढंच होतं ते. मी निऱ्या खोचल्या आणि तिला पुढं लोटलं.

तिच्या वडिलांनी माझ्या वडिलांचे पाय धरले. नोकरीचा जावई, वर हुंडा नाही. नंतर दोन वर्षं ते आमच्या बांधबंदिस्तीला न बोलावता येत होते आणि वडील त्यांना येऊ देत होते.

दुसऱ्या दिवाळीला ती माहेरी आली तेव्हा तिला डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं. मी काही बोलले की मान वळवून उजवा कान पुढं करायची आणि हसायची. कानात पाणी गेलं म्हणाली. लहानपणी इंद्रायणीच्या डोहात मुलांच्या बरोबरीनं पोहलेली मुलगी ती. तिला पोहता येत होतं, हे दोन महिन्यांनी विहिरीवर जमलेल्या एकालाही आठवलं नाही.

तोवर माझं तळेगावला लग्न झालं होतं आणि मला माणूस बरा मिळाला होता. तेराव्याला मी माहेरी आले. पोरीचं नशीबच फुटकं, असं सगळे म्हणत होते, आणि माझ्या वडिलांचा आवाज त्यात सगळ्यांत मोठा होता. त्याच दिवशी जावयाचा निरोप आला, धाकटी द्या, नातं तुटायला नको. ती चौदा वर्षांची. तिचे वडील सल्ला विचारायला आमच्या ओटीवर आले. "बगा आबा, तुमी म्हनाल तसं," म्हणाले. माझे वडील तंबाखू मळत राहिले. "मानूस नोकरीचा हाय," एवढं म्हणाले.

मी उठले आणि शेजारच्या परसात गेले. तिची आई तांदूळ पाखडत होती. तिला मी मावशी म्हणायचे. तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं, मारहाण, पहिली बायको, तिची विहीर. धाकटीला देऊ नका म्हणाले. मावशीनं सूप खाली ठेवलं. मग तिनं वर बघितलं.

"ह्ये तुला कदी कळलं?"

मी खरं सांगणार होते, निदान आता तरी.

"परवा," मी म्हणाले. "सासरकडनं."

धाकटीला त्या घरात दिलं नाही. मावशी होती तोवर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, या पोरीनं येळंवर सांगितलं म्हणून आमची एक तरी वाचली.