आधी ठिकाण, मग पाणी

तहसील कचेरीतल्या दत्तात्रय बाबूनं एकोणीस वर्षांच्या संसारात बुऱ्हाणपुरात अकरा घरं बदलली. सगळी भाड्याची, पण अकरा. लोक म्हणत, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. अहो, विंचूसुद्धा एका दगडाखाली चार दिवस सुखानं काढतो. दत्तूभाऊ नव्या घरात गेला की तिसऱ्या दिवशी नाक मुरडायला लागायचा. इथं धूर कोंडतो, तिथं शेजारी रात्रभर खोकतो, आणखी कुठं जिना चुकीच्या बाजूला.

खरं कारण वेगळं होतं. तो सात वर्षांचा असताना राजघाटाजवळच्या त्यांच्या घरात तापीचा पूर शिरला होता. बापानं त्याला खांद्यावर घेतलं तेव्हा पाणी बापाच्या छातीला लागलेलं. जीव वाचले, पण भीती काही गेली नाही. कुठल्याही घरात पाऊल टाकलं की तो आधी भिंतीला तळहात लावायचा, ओल आहे का बघायचा, मग भिंत हुंगायचा. घरमालक हसायचे. त्याची बायको शारदा हसायची नाही. ती भांडी पोत्यात भरायची, तुळशीची कुंडी कडेवर घ्यायची आणि एवढंच म्हणायची, "बरं."

अशा बाईला काही मागायचं सुचत नाही, असं आपण धरून चालतो. तिनं एकदाच मागितलं.

त्या पावसाळ्यात तिला पोळी लाटताना मधला भाग दिसायचा, कड दिसायची नाही. खांडव्याच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळे तपासले आणि काचबिंदू म्हणाले. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं किती टिकेल सांगता येत नाही. परतीच्या गाडीत दत्तात्रय खिडकीबाहेर बघत बसला. मग शारदा बोलली.

"आई म्हणायची, गंगेत न्हावं, नर्मदेला पाहावं आणि तापीला नुसतं आठवावं, तेवढ्यानं पुण्य मिळतं. तापीचं काय, डोळे गेल्यावरही आठवीन. नर्मदेला मात्र पाहावंच लागतं. मला एकदा भेडाघाटचा धुवाधार धबधबा दाखवा."

"दाखवतो," तो म्हणाला. "पुढच्याच महिन्यात जाऊ." आणि ते तो मनापासून म्हणाला होता, एवढं त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

पण जायचं म्हणजे उतरायचं कुठं? झालं, भुंगा डोक्यात शिरला. जबलपूरच्या बाजूला कोणी जाऊन आलंय असं कळलं की हा त्याच्या दारात. धर्मशाळा उंचावर आहे की सखल? नदी किती पावलांवर? भिंती मातीच्या की दगडाच्या? जबलपुरात कोणाचा तरी मेहुणा होता, त्याला चार पत्रं गेली. शेजारच्या मथुराबाईनं एकदा ओट्यावरूनच विचारलं, "भाऊ, तुम्ही धबधबा पाहाले चालले का घर पाहाले?" दत्तात्रयाला राग आला.

दसरा गेला, दिवाळी गेली. कचेरीत तर नुसता गोंधळ चालला होता. रोज कुठलं ना कुठलं संस्थान विलीन झाल्याचं कानावर यायचं, प्रांताचं नावही बदललं, बाबू लोक जुन्या कागदांवरचं नाव खोडून नवं लिहीत बसायचे. रजा मिळेना म्हणून तो घरी सांगायचा. ते अर्धंच खरं होतं. मेहुण्याच्या उत्तरानं त्याचं समाधान झालं नव्हतं, हे उरलेलं अर्धं. तोवर शारदाला सुईत दोरा ओवता येईना. मग ती मथुराबाईकडून ओवून घ्यायला लागली आणि नवऱ्याला सांगेनाशी झाली.

माघात एकदाची दोघं निघाली. इटारसीला गाडी बदलून दुसऱ्या दिवशी सकाळी भेडाघाटच्या स्टेशनात उतरली, टांग्यानं गावात आली. धबधब्याचा आवाज लांबूनच येत होता. शारदानं त्या बाजूला तोंड वळवलं. पण पारोशा अंगानं दर्शन घ्यायचं नाही, ही तिच्या माहेरची रीत आणि त्याच्याही घरची. आधी सामान ठेवायचं, आंघोळ करायची, मगच पाणी पाहायचं. म्हणजे ठिकाण मिळेपर्यंत दर्शन नाही.

पहिल्या धर्मशाळेत चुलींचा धूर होता. दुसऱ्या जागी पंड्याच्या घरची खोली होती, तिला खिडकी नव्हती. तिसरी जागा म्हणजे एका छोट्या राजाची कोठी, अगदी धबधब्याच्या अंगावर. वरच्या मजल्यावर सज्जा होता. राखणदार मोतीलाल म्हातारा होता, त्याला बुऱ्हाणपूरची मराठी बरीच कळत होती.

"राजाचं राज्य गेलं, बाबूजी. कोठी त्याची की सरकारची, ते अजून कोणी सांगितलं नाही. तोवर मी उघडतो. बाईजी सज्ज्यातल्या पलंगावर बसल्या की समोर धार दिसेल."

शारदानं गाठोडं खाली ठेवलं. घराच्या बाबतीत उभ्या जन्मात पहिल्यांदा ती बोलली, "इथंच राहू."

दत्तात्रयाचा तळहात तोवर तळमजल्याच्या भिंतीवर गेला होता. कमरेएवढ्या उंचीवर काळपट रेघ होती, पुराची. त्यानं ती रेघ हुंगली.

"बाबूजी, ती श्रावणातली आहे," मोतीलाल म्हणाला. "माघात पूर कुठला?"

ते दत्तात्रयालाही कळत होतं. पण कळणं आणि पायांनी ऐकणं एक नसतं. वर त्याच्यातला बाबू जागा झाला. कागदावर मालक नाही, उद्या कोणी विचारलं तर? त्यानं गाठोडं उचललं. शारदा जागची हलली नाही, एक क्षणभरच. मग म्हणाली, "बरं."

दीड मैलावर टेकाडावर एक कोरडी, दगडी धर्मशाळा मिळाली. तिथं पोचून आंघोळी होईतो सूर्य मावळतीला आला होता. "सकाळी जाऊ," तो म्हणाला, "गाडी दुपारची आहे." जागा अगदी मनासारखी होती, तरी तो त्या दिवशी दहादा अंगणात जाऊन आला.

सकाळी नदीवर धुकं दाटलं होतं. हात धरून त्यानं तिला कड्यापर्यंत नेलं. पायाखालचा खडक थरथरत होता, तोंडावर तुषार येत होते, आणि समोर नुसतं पांढरं. दोघं एका दगडावर बसली.

"थांबू," ती म्हणाली. "जाईल धुकं."

तासाभरानं धुकं विरलं. दत्तात्रयानं पाहिलं. अख्खी नदी एका घळीत कोसळत होती, खालून पाण्याचा धूर उठत होता, त्यात ऊन शिरलेलं. आयुष्यात पहिल्यांदा तो पाण्याकडे बघून घाबरला नाही. तो सांगायला वळला, तर शारदा त्याच बाजूला डोळे ताणून बघत होती.

"अहो," तिनं विचारलं, "धुकं गेलं का?"

दसऱ्याला तिला कड दिसत नव्हती, पण मधलं दिसत होतं. दिवाळीलाही दिसत असेल. त्या महिन्यांत तो भिंतींची चौकशी करत हिंडत होता. स्वतःची इतकी लाज त्याला कधी वाटली नव्हती.

"नाही गं," तो म्हणाला. "आहे अजून."

ती थांबली. बराच वेळ थांबली. मग तिनं पदरातून हात बाहेर काढला, उताणा धरला आणि तसाच ठेवला.

"ऊन तर चांगलंच लागतंय हाताला," ती म्हणाली.

तो रडायला लागला. तिनं तोच हात त्याच्या गुडघ्यावर ठेवला आणि म्हणाली, "बरं. मग तुम्हीच सांगा, काय दिसतं ते."

त्यानं सांगितलं. त्याला कुठलं सांगता येणार, जन्मभर भिंतींचेच दोष सांगत आलेला माणूस. तरी सांगितलं, गाडी चुकेपर्यंत.

भेडाघाटहून दोघं परतली ती राजपुऱ्यातल्या अकराव्या घरात. तिसऱ्या वर्षी त्याच्या मागच्या भिंतीला ओल आली. पावसाळ्यात दत्तात्रय त्या भिंतीशी जाऊन उभा राहायचा, तळहात लावायचा, हुंगायचा, खोलीत येरझाऱ्या घालायचा. शेजाऱ्यांना वाटलं, आता निघालं बिऱ्हाड. पण तोवर शारदाला उंबऱ्यापासून चुलीपर्यंतची पावलं पाठ झाली होती, आणि पाण्याचा हंडा, मिठाची बरणी, तुळस, सगळं तिच्या हाताला बरोबर सापडायचं.

बारावं घर त्यानं कधी पाहिलं नाही.