टाचणीमावशी आणि वाळूच्या रंगाची खोली

“आधी जरा बसते, मग मोजते.”

टाचणीमावशींचं हे वाक्य ज्याने ऐकलं नाही, त्याच्या घरात त्यांनी शिवलेला पडदा नाही असं खुशाल समजावं. माप घ्यायला बोलावलेली बाई आत येते, खोलीत कुठेतरी टेकते आणि तासभर उठतच नाही, हे नव्या माणसाला चमत्कारिक वाटायचं. कुणी चहा विचारी, कुणी उगाच घड्याळाकडे बघे. मावशी मात्र हात मांडीवर ठेवून गप्प. उजेड कुठून येतो, माणूस कुठून चालतो, त्याचा हात कुठे कुठे लागतो, एवढंच बघत. मग पिशवीतून टेप निघायची, आठदहा टाचण्या ओठांत जायच्या आणि काम सुरू. टाचण्या तोंडात असतानाही त्या बोलत, पण ते बोलणं फक्त कापडाला कळायचं. नाव पडलं ते त्यावरूनच.

त्या कुणाच्या हाताखाली शिकल्या नव्हत्या. नवरा गेला, घरात एक शिलाई मशीन उरलं. मावशींनी शेजारपाजारचे जुने कपडे मागून आणले आणि उसवायला घेतले. टाका कुठून निघाला, कुठे वळला, कुठे दमला, ते बघायचं आणि पुन्हा तसंच शिवायचं. उसवता उसवता हात बसला, आणि मग पंचवीस वर्षं त्या हाताला उसंत मिळाली नाही.

त्या आठवड्यात त्यांना एका मास्तरीणबाईंनी घरी बोलावलं. बाईंचे वडील बाइंडर होते. चाळीस वर्षं त्यांनी पुस्तकं बांधली. बायको गेल्यावर वर्षभर एकटेच राहिले, मग एकदा घराच्या पायऱ्यांवरून पडले, तेव्हा लेकीने हट्टाने आपल्याकडे आणलं. त्यांच्यासाठी एक खोली स्वतः उभं राहून रंगवून घेतली. भिंती वाळूच्या रंगाच्या, पडदे त्याच रंगाचे, चादर तशीच, पलंग फिकट लाकडाचा, फरशीही त्यातलीच. असा रंग मनाला निवांत करतो, असं तिने कुठंतरी वाचलं होतं.

बाबा त्या खोलीत टिकेनात. झोपण्यापुरते जात, बाकी दिवसभर स्वयंपाकघरातल्या स्टुलावर. पंधरवडा झाला तसं त्यांनी जाहीर करून टाकलं, “रविवारी पुतण्या गाडी घेऊन येतोय. मी माझ्या घरी जातो.”

“एकटे? त्या पायऱ्यांवर?”

“पायऱ्या माझ्या ओळखीच्या आहेत.”

बाबा रुसलेत, खोली त्यांना मेल्यासारखी वाटते, असं लेकीच्या मनाने घेतलं. म्हणून मावशी आल्या त्या क्षणी तिने सांगून टाकलं, “लाल पडदे करा, मावशी. उशांनाही लाल अभ्रे. खोलीला जरा जीव येऊ दे. आणि काही झालं तरी रविवारच्या आत.”

“आधी जरा बसते,” मावशी म्हणाल्या. “दादा, तुम्हीही या की.”

बाबा आले. भिंतीला तळवा लावत आले, गुडघ्याने पलंग चाचपला आणि बसले. लेक दारात उभी होती. तिला दिसली ती बसची वाट बघत बसावीत तशी दोन माणसं.

“काय मोजताय?” बाबांनी विचारलं.

“अजून काही नाही.”

“मग मीही काही सांगत नाही.”

मावशींनी पिशवीतून कापडाचे दोन तुकडे काढून त्यांच्या हातावर ठेवले. बाबांनी अंगठ्याने चोळून बघितले. “हे सुती. आणि हे वरून सुती, आतून लबाड.”

“पारख आहे हो!”

“चाळीस वर्षं पुस्तकांना कपडे चढवले. एकाही पुस्तकाने तक्रार केली नाही.”

“तुमची गिऱ्हाइकं गुणी,” दाराकडे बघत मावशी म्हणाल्या. “माझी बोलतात.”

बाबा हसले. या घरात आल्यापासून ते पहिल्यांदाच हसत होते, आणि लेकीला त्याचं बरंही वाटलं आणि थोडं लागलंही. एवढ्यात मावशी उठल्या. पलंगाच्या चारी कडा मोजल्या, पलंग ते दार मोजलं, पलंग ते खिडकी मोजलं. पडद्याला तर टेप लावलीच नाही म्हणायला हरकत नाही.

जिन्यापर्यंत पोचवायला आलेल्या लेकीला त्या म्हणाल्या, “लाल नाही करत मी.”

“का पण?”

“त्या खोलीला नकोय.”

“खोलीत बाबा राहणार आहेत, मावशी. खोलीला काय हवं ते मी काय करू?”

“त्यांचंच म्हणतेय मी,” एवढं बोलून मावशी उतरल्या.

शनिवारी सकाळी त्या भलंमोठं गाठोडं घेऊन हजर. दोन तास खोलीचं दार लोटलेलं. उघडलं तेव्हा लेक बघतच राहिली. रंग तोच होता! चादर वाळूच्याच रंगाची, पण जाडसर, उभ्या धारांच्या विणीची, आणि तिच्या कडेने कॉफीच्या रंगाचा बोटभर जाड गोट. दारापासून पलंगापर्यंत आणि पलंगापासून खिडकीपर्यंत सुतळीची विणलेली पट्टी, फरशीला घट्ट चिकटवलेली. दाराच्या मुठीला गडद दोरा गुंडाळलेला. पडदा जुनाच, पण खाली बारीक दुमड्या घातलेल्या आणि बांधायला गाठीगाठींचा काळसर गोफ. खिडकीतून तिरपं ऊन आलं होतं आणि प्रत्येक दुमडीखाली, प्रत्येक धारेला सावलीची रेघ उमटली होती. नुकत्याच नांगरलेल्या रानासारखी दिसत होती खोली. एकाच मातीची, पण सगळी जागी.

“छान आहे, पण मावशी...” लेक म्हणू लागली.

बाबा दाराशी आले. मुठीवर हात पडला, तो तिथेच थांबला. दोऱ्यावरून बोटं फिरली. मग पायाला पट्टी लागली आणि ते चालू लागले. भिंतीला हात न लावता. पलंगाशी अचूक थांबले, खाली बघितलं, गोटाच्या गडद रेघेवर बोट टेकवलं आणि बसले.

बसताना त्यांचा पायजमा वर सरकला. दोन्ही नडग्यांवर निळेजांभळे डाग होते, काही जुने, काही ताजे. सगळे पलंगाच्या काठाएवढ्या उंचीवर.

लेकीला कळलं. बाबा रुसले नव्हते. फरशी कुठे संपते आणि पलंग कुठे सुरू होतो, हेच त्यांना दिसत नव्हतं. तिने एवढ्या प्रेमाने सगळं एका रंगात घातलं आणि त्या रंगात बाबा रोज आपटत होते. आणि बोलले नव्हते.

तिने तोंड उघडलं. टाचण्या ओठांत धरून कोपऱ्यात बसलेल्या मावशींनी मान किंचित हलवली. नको.

लेक बाबांशेजारी टेकली. “बाबा, सोमवारी मला डोळे तपासायला जायचंय. एकटीला कंटाळा येतो. याल का? तुमचेही बघून घेऊ जाताजाता.”

बाबा बराच वेळ गोटावरून अंगठा फिरवत राहिले. “हा टाका हाताचा आहे,” ते म्हणाले. “कोपऱ्यावर दुहेरी घातलाय.”

मावशींनी टाचण्या काढल्या. “कोपरेच आधी झिजतात.”

“पुस्तकाचंही तसंच.” मग लेकीकडे वळून ते म्हणाले, “सोमवारी म्हणतेस? म्हणजे पुतण्याला गाडी रिकामीच न्यावी लागणार. येऊ दे, जेवून जाईल बिचारा.”

मावशी निघाल्या तेव्हा लेक त्यांना जिन्यापर्यंत गेली. तिने त्यांचा हात धरला आणि सोडला. परत आली तर बाबा पलंगावर नव्हते. पट्टीवरून चालत ते खिडकीशी जाऊन उभे होते, एका हातात पडद्याचा गोफ.

“गेल्या का ग?”

“नाही, गल्लीतच आहेत. पिशवी खांद्यावर घेतली.”

“आता?”

“कुणीतरी हाक मारली. थांबल्यात.”

“त्या बाईला कुणी चालू देत नाही,” बाबा म्हणाले. मान पुढे काढून, डोळे बारीक करून ते उन्हातल्या त्या हलत्या ठिपक्याकडे बघत होते. “निघाल्या बघ. बरोबर ना?”

“निघाल्या.”

ठिपका वळणावरून नाहीसा झाला. लेक मागे सरली. बाबा तिथेच उभे राहून बघत होते.