माझ्या हातचं प्रभुभोजन

लोक अनुभव सांगतात तेव्हा त्यात आजारी माणूस उठून बसतो. माझा माणूस उठला नाही. ज्या मंडळीत माझा बाप्तिस्मा झाला, लग्न लागलं, तिथे आता माझं पाऊल पडत नाही, आणि त्याचं दुःख सरलंय असंही नाही. रविवारी सकाळी चर्चची घंटा वाजली की अजून पाय आपोआप चपलांकडे वळतात. तरी हे लिहिते आहे, कारण घडल्या गोष्टीबद्दल देवाचे आभार मानायचे माझ्याकडून राहून गेले आहेत.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. आम्ही धुळ्यात राहत होतो. मी शाळेत शिक्षिका होते. माझे यजमान सरकारी कचेरीत कारकून, आणि आमच्या मंडळीच्या पाच पंचांपैकी एक. चर्चचं रस्त्याकडेचं मैदान दुकानांच्या गाळ्यांसाठी विकायचं बाकीच्या चौघांनी ठरवलं. नाताळचा मांडव त्या मैदानात पडायचा, संडे स्कूलची पोरं तिथंच हुंदडायची. यांनी कागदावर सही केली नाही. एवढ्यावर थांबले असते तर ते हे कसले! "मैदान मंडळीचं आहे, कुणाच्या सासऱ्यानं आंदण दिलेलं नाही," असं भर सभेत बोलले. झालं! मंडळीत फूट पाडली म्हणून यांना शिस्तीखाली घातलं. आमच्यात शिस्तीखाली म्हणजे उपासनेला यायचं, गाणी म्हणायची, पण प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला घ्यायचा नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी ताट बाकावरून बाकावर फिरायचं आणि यांच्यापाशी आलं की वाढणारा हात आखडायचा. मी म्हणायचे, "कशाला येता मग? बसा की घरी." तर म्हणायचे, "अगं, जेवण त्यांचं थोडंच आहे?" मला संताप यायचा. पंचांचा यायचा, नवऱ्याचा यायचा, आणि खरं सांगते, देवाचाही यायचा.

दोन वर्षं अशी गेली आणि यांना कावीळ झाली. ती साधी कावीळ नव्हती. पोटात पाणी झालं, अंग वाळलं, दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आता दिवस मोजायचे. यांना न सांगताच कळलं होतं. त्यांनी माझ्याजवळ एकच मागितलं, की एकदा प्रभुभोजन मिळू दे. दुसरं काही नाही.

मी पाळकसाहेबांकडे गेले. माणूस वाईट नव्हता. राहतं घर मंडळीचं, दोन मुली लग्नाच्या, आणि नोकरी पंचांच्या हातात. हे आज कळतं. तेव्हा वाटलं होतं, त्यांची कॉलर धरावी. ते म्हणाले, "बाई, माझ्या हातात असतं तर असाच निघालो असतो. पण पंचांचा ठराव आहे. माफीपत्रावर तुमच्या यजमानांची सही आणा, मी लगेच येतो." मी दवाखान्यात येऊन यांना सांगितलं. हे म्हणाले, "सही करायची म्हणजे मैदान विकलं ते बरोबर केलं म्हणायचं. खोटं बोलून प्रभूच्या मेजावर कसा बसू?"

माझं डोकंच फिरलं. माणूस चाललाय आणि याला तत्त्वं सुचतायत! मी व्हरांड्यात बसले, वहीचं पान फाडलं, माफीपत्र लिहिलं आणि खाली यांची सही ठोकून दिली. यांची सही मला लग्नापासून येते. लिहिताना काही चुकतंय असं वाटलंच नाही. उलट आपण मोठं शहाणपणाचं काम केलं असंच वाटलं.

कागद पाळकसाहेबांना नेऊन दिला. दुसऱ्या दिवशी ते आले, सोबत दोन पंच. पांढऱ्या फडक्यात भाकर, छोटा प्याला. यांचा चेहरा असा उजळला की मी देवाला मनातल्या मनात म्हटलंसुद्धा, बघ, जमवलं की नाही मी! तेवढ्यात पाळकसाहेबांनी खिशातून कागद काढला आणि वाचायला लागले. ते वाचून दाखवतील हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. हे ऐकत राहिले. कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग ओठ घट्ट मिटले आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. पाळकसाहेब भाकरीचा तुकडा हातात घेऊन थोडा वेळ उभे राहिले, मग त्यांनी तो परत फडक्यात बांधला. "अजून मस्ती जिरली नाही," असं एक पंच मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाला. ते गेले, आणि हे माझ्याशी बोलेनासे झाले. नर्सच्या हातून पाणी घेत, माझ्या हातून नाही. पंधरा वर्षांच्या संसारात असं कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी व्हरांड्याच्या पायरीवर जाऊन बसले. प्रार्थना करायला गेले, ती अर्ध्यावरच सोडली. शेवटी देवाला म्हटलं, सगळे गेले, आता तूही जा.

शेजारच्या खाटेवर शिरपूरकडच्या एका खेड्यातला शेतकरी होता, पाय मोडलेला. त्याच्या बायकोला सगळा वॉर्ड अक्का म्हणायचा. कपाळाला मोठं कुंकू, बोलणं अस्सल अहिराणी. ती भाकरीचं गाठोडं घेऊन माझ्याशेजारी टेकली.

"बहीन, काल त्या लोके लयनात, तो तुमना देवना परसाद व्हता का?"

आणला होता तो प्रसादच, म्हणून मी होकाराची मान हलवली.

"मंग दिधा का बरं नई?"

मी कसंबसं सांगितलं की आमच्यात तो पाळकानेच द्यायचा असतो, आणि तसा नियमच आहे. अक्कानं माझ्याकडे असं पाहिलं, की एवढी शिकलेली बाई आणि अक्कल कशी नाही!

"आमनामा मरनारना तोंडमा पानी टाकाले कोनले इचारनं पडत नई. जो जोडे शे, तो टाकस. तू जोडे शे ना? मंग तू दे."

जोडे म्हणजे जवळ; जी जवळ आहे तिनंच द्यायचं, असं तिचं म्हणणं. तिनं गाठोडं सोडलं, कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, भाकरीचा चतकोर माझ्या हातावर ठेवला आणि नवऱ्याला जेवू घालायला निघून गेली.

मी तो चतकोर मुठीत धरला. मग उठले. यांच्या खाटेपाशी गेले आणि म्हटलं, "सही मी केली. तुमच्या नावानं खोटं लिहिलं. मला तुम्हाला असं उपाशी पाठवायचं नव्हतं हो." आणि रडूच कोसळलं. यांनी मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "हातात काय आहे?" मी भाकर दाखवली. म्हटलं, "अक्कानं दिली. पण द्राक्षरस नाही, नुसतं पाणी आहे." तर काय म्हणावं या माणसानं? "काना गावच्या लग्नात प्रभूनं ज्याचा द्राक्षरस केला, तेही आधी पाणीच होतं."

कालपासून पहिल्यांदा त्यांच्या ओठांवर हसू आलं. मी शास्त्रातले शब्द आठवतील तसे म्हटले, मध्येच चुकले, त्यांनी सुधारले. भाकर पाण्यात भिजवून त्यांच्या तोंडात घातली. अर्धा तुकडा त्यांनी माझ्याकडे सरकवला. "तू पण घे." त्या घासानं माझ्या मनाला जी शांती मिळाली, ती इतक्या वर्षांत चर्चमध्ये कधी मिळाली नव्हती. तिसऱ्या दिवशी पहाटे हे गेले.

माफीपत्र फायलीत होतं, म्हणून आमच्या कब्रस्तानात जागा मिळाली. पेटी खाली उतरवल्यावर पाळकसाहेब म्हणाले, "आपल्या या बंधूनं शेवटी मंडळीची क्षमा मागितली, याबद्दल देवाची स्तुती असो." मला राहवलं नाही. सगळ्यांदेखत म्हटलं, "त्यांनी नाही मागितली, पाळकसाहेब. ती सही माझी आहे." गाणं सुरू झालं आणि दुसऱ्या कडव्यात विस्कटलं. लोक पांगल्यावर पाळकसाहेब माझ्याजवळ आले.

"बाई, मला पहिल्यापासून ठाऊक होतं. संडे स्कूलच्या फळ्यावर तुमचंच अक्षर असतं. मला यायला काहीतरी निमित्त हवं होतं."

"मग ते वाचलंत कशाला?"

"पंच सोबत होते," ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

त्या दिवसापासून मी त्या चर्चमध्ये गेले नाही. घर खायला उठतं. पाळकसाहेबांना क्षमा करायला रोज बसते आणि रोज जीभ अडते. पण एवढं कळलं, की माझ्या हुशारीनं मी जे घडवायला गेले ते माझ्याच हातानं मोडलं, आणि सगळं संपलं म्हणून बसले तेव्हा माझ्या देवाचं नावही ठाऊक नसलेली बाई येऊन टेकली. तिला त्यानंच पाठवलं असं मी मानते. कुणाला पटवायला जात नाही. प्रभू, तुझे फार उपकार आहेत. माझा राग मात्र अजून आहे. तो माझ्यानं टाकवत नाही, तूच घेऊन जा.