उसातली प्रार्थना

माझी मैत्रीण तीनचाकी स्कूटर चालवते. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे तिचे दोन्ही पाय कामाचे नाहीत, पण बोलायला ती चार माणसांना भारी आहे. माझं उलटं. पाय धडधाकट, आणि चारचौघांत तोंडातून शब्द फुटत नाही. चौथीत गुरुजींनी उभं करून कविता म्हणायला लावली, तेव्हा बंद झालेलं तोंड अजून नीट उघडलेलं नाही.

आमच्या प्रार्थना सभेत बायका पाळीपाळीने मोठ्याने प्रार्थना करतात. माझी पाळी आली की मला खोकला येतो. त्या गुरुवारी पुन्हा माझीच पाळी होती. सभा अवसरीच्या पुढे एका मळ्यात होती.

आदल्या दिवशी मैत्रिणीनं मला रिकामी बाटली दिली. "मंचरला चाललीस तर पेट्रोल आण आणि स्कूटरमधी टाकून ठेव. काटा बंद हाय, पण टाकी तळाला गेली असंल."

पंपावर नुसते पुरुष. मी पदराखाली बाटली धरून थोडा वेळ उभी राहिले, मग मेथीची जुडी घेऊन परत आले. गुरुवारी निघताना तिनं विचारलं, "टाकलंस ना गं?"

मी "हं" म्हणाले.

मळ्याच्या वाटेवर दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेला ऊस, दिवस मावळायला आलेला, आणि स्कूटर दोनदा माझ्यासारखीच खोकून बंद पडली. माझा मोबाईल घरी, तिच्याला रेंज नाही. त्याच उसातल्या बिबट्यानं आठवड्यापूर्वी शेळी नेली होती. मी रडत सगळं कबूल केलं.

ती हसतच सुटली. "म्हंजी बाटलीला नुसतं मंचर दाखवून आणलंस व्हय?"

"आता काय करायचं गं?"

"तुला पळता येतं, तू पळ. बिबट्या आला तर मी त्याला बसायला सांगते."

"मी न्हाई जाणार."

"मग थांब. येईल कुणीतरी."

"न्हाई आलं तर?"

"मी जल्मात एक पायरी एकटी चढले न्हाई. पर दर पायरीला प्रभू कुणीतरी पाठवतोच. कधी उशिरा पाठवतो, कधी दारू प्यालेला पाठवतो, पर पाठवतो. लोकांनी दोनदा पाडलंय मला. तरी मी हात वर करतेच. तुझे पाय धड हायेत ना, म्हणून तुला मागायची सवय न्हाई."

आवाज असला की बिबट्या जवळ येत नाही, असं आमच्याकडे सगळे म्हणतात. म्हणून तिनं गीत सुरू केलं. दोन कडव्यांत तिचा घसा बसला. मग म्हणाली, "आता तू प्रार्थना कर. मोठ्यानं. हळू केलीस तर प्रभूला ऐकू जाईल, बिबट्याला जाणार न्हाई."

मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात शेजारचा ऊस सळसळला.

"देवबापा!" मी किंचाळले. "पेट्रोल मी आणलं न्हाई, हिची काय चूक न्हाई! कुणाला तरी पाठव! लवकर पाठव! दारू न प्यालेला पाठव!"

उसातून बॅटरी घेतलेला एक माणूस बाहेर आला. पायांना चिखल. उसाला पाणी देत होता बिचारा.

"मी प्यालेलो न्हाई, ताई," तो घाबरून म्हणाला. "काय झालं?"

त्याची मोटारसायकल बांधावर उभी होती. आता मैत्रीण बोलेल म्हणून मी तिच्याकडे पाहिलं. तिनं ओठ घट्ट मिटले आणि ती आभाळाकडे बघत बसली. तिला गप्प बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

मी पिशवीतून कालची तीच रिकामी बाटली काढली. "भाऊ, जरा पेट्रोल द्याल का ह्याच्यात?"

एवढंच तर होतं ते वाक्य. मंचरला जमलं नव्हतं.

सभेला आम्ही उशिरा पोचलो. प्रार्थनेची पाळी कुणाची, असं विचारल्यावर मैत्रीण म्हणाली, "हिची झाली. चार शेतं लांब गेली ऐकू."

बायका हसल्या. मी तरी उभी राहिले. खोकला आला नाही. जोडलेल्या हातांना पेट्रोलचा वास येत होता.